खोकल्याच्या वॉर्डातलं काम

खिडकीतल्या शिपायाने माझी कपड्यांची पिशवी परत माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "हा माणूस इथे नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. बाजूला व्हा बाई, मागे रांग आहे."

तुरुंगात ठेवलेला माणूस तिथे नाही म्हटल्यावर मनात दोनच गोष्टी येतात. पळून जाणाऱ्यांतला आमचा दादा नव्हे, म्हणजे उरली ती दुसरीच. मी तिथेच पायरीवर बसले. शेवटी झाडू मारणाऱ्या बाईला माझी दया आली. ती वाकून हळूच म्हणाली, "रडू नका ताई. परवा गाडी भरून माणसं नेली, दुसऱ्या तुरुंगात. इथे जागा पुरेना. त्यात असेल तुमचा."

घरी येऊन आईला सांगितलं. तिने पदराने डोळे टिपले आणि तेवढ्यात दारात आलेल्या, वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या बाईंना म्हणाली, "काही नाही हो, मुलाची बदली झाली." त्या भाबडेपणाने म्हणाल्या, "अरे वा, बढतीवर का?" आई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. हसायला आलं आणि हसताही येईना.

दादा माझा मोठा भाऊ. धंद्याने वायरमन. विजेला तो कधी घाबरला नाही. घाबरायचा तो माणसांना. कोणी आवाज चढवला की त्याची ततपप व्हायची. एका गोदामाच्या मालकाने त्याला जुन्या वायरवर नवीन यंत्रं जोडायला सांगितली. दादा नको म्हणाला. मालकाने दरडावलं, "मला शिकवतोस?" दादाने जोडून दिली. गोदाम पेटलं आणि आत झोपलेली दोन माणसं गेली. मालकालाही शिक्षा झाली, दादालाही झाली. कोर्टात वकिलाने विचारलं, "धोका आहे हे तुम्हाला माहीत होतं?" दादा म्हणाला, "होतं." वकिलाने कपाळाला हात लावला.

पहिल्या तुरुंगात त्याचं हळूहळू बस्तान बसलं होतं. आधी भाजी निवडायचं काम, मग दिवे-पंख्यांची दुरुस्ती, आणि मग वीजकामाच्या परवान्याचा वर्ग. आयुष्यभर परवान्याशिवाय काम केलेला माणूस तुरुंगात जाऊन परवान्याचा अभ्यास करत होता. परीक्षा तोंडावर आली होती. काम आणि वर्ग, दोन्ही नीट चालू असतील तर लवकर सुटकेसाठी नाव पुढे जातं, असं त्याला सांगितलं होतं. तो एवढ्याच आशेवर दिवस ढकलत होता. आणि एका सकाळी शिपायाने येऊन सांगितलं, "सामान बांध."

पुढचं सगळं मला दादाने खूप नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी, मध्येच उठून पाणी पीत.

नवा तुरुंग चांगला मोठा. एका बराकीत जुन्या तुरुंगातल्या तीन बराकींइतकी माणसं. खिडक्या इतक्या उंचावर, की त्यातून नुसतं आकाश दिसे. सामान ठेवल्या ठेवल्या दादा कामवाटपाच्या कारकुनाकडे गेला.

"नवीन माणसाला आधी थांबावं लागतं," कारकून म्हणाला.

"किती दिवस साहेब?"

"कागद येईपर्यंत."

"कागद कधी येतात?"

"आले की."

दादाने धीर करून सांगितलं, की मी वीजकाम करत होतो, वर्गही होता, परीक्षा जवळ आली आहे. कारकुनाने फाईल उघडली, वाचली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या केसचे कागद आलेत. कामाचे नाही आले. आणि आगीच्या केसमधला माणूस इथे वायरला हात लावणार? उद्या काही जळलं तर नोकरी माझी जाईल. वर्गही भरलाय. पुढच्या खेपेला बघू. तोवर बस."

"नुसतं बसून माझी शिक्षेतल्या माफीच्या दिवसांची गणती थांबेल हो साहेब."

"इथे सगळे बसायलाच आलेत," कारकून म्हणाला आणि त्याने फाईल मिटली.

नुसतं बसणं म्हणजे काय, ते दादाला दुसऱ्याच दिवशी कळलं. सकाळी कामाची माणसं बाहेर पडली की बराकीत उरायचे आजारी, शिक्षेवर असलेले, नवे, आणि मामा. मामा म्हणजे कोणाचाच मामा नव्हे. सगळे त्याला मामा म्हणत, शिपाईसुद्धा. पन्नाशीचा, अंगाने किरकोळ, केस नीट विंचरलेले. तो कधी कामावर जात नसे, पण त्याची हजेरी मात्र रोज लागे. नळाजवळच्या ओट्यावर बसून तो दिवसभर माणसं बघायचा. आवाज कधी चढवायचा नाही. दादा म्हणतो, ओरडणारा माणूस परवडला, त्याचं निदान कळतं तरी.

चार-पाच दिवसांनी मामाने त्याला बोटाने बोलावलं.

"काय भाचे, काम मिळेना म्हणे?"

"नाही."

"लाँड्रीत एक जागा आहे. मी शब्द टाकतो. बुधवारी मोठे साहेब फेरीला येतील, तुला विचारतील, तू हो म्हणायचं. झालं."

दादाला वाटलं, देव पावला. बराकीतल्या एक-दोघांनी त्याची पाठही थोपटली. लाँड्री म्हणजे चांगलं काम, माफीचे दिवस मिळतात, गरम पाणी मिळतं. फक्त एक माणूस काही बोलला नाही. त्याला पोपट म्हणायचे, कारण पूर्वी तो फार बोलायचा. आता बोलत नसे. दुपारी दादा नळावर ताट धूत होता तेव्हा पोपट शेजारी येऊन उभा राहिला आणि समोर बघतच म्हणाला, "तुझ्या आधी लाँड्रीत मी होतो."

"मग सोडलंस का?"

पोपटाने डावा हात नळाखाली धरला. तळव्याची कातडी गुळगुळीत, चकाकणारी, आणि बोटं मिटतच नव्हती. "गाड्यावर सगळ्या बराकींची गाठोडी असतात. त्यातलं एखादं मामाचं असतं. कोणतं, ते विचारायचं नाही. मी एकदा म्हणालो, आज राहू दे, आज झडती आहे." त्याने हात पुसला. "इस्त्रीचं मोठं यंत्र असतं ना, वाफेचं. त्यात हात गेला."

"चुकून?"

"रिपोर्टात चुकून," पोपट म्हणाला आणि निघून गेला.

बुधवारपर्यंत दादा तेच गणित मांडत राहिला. जेवण गिळेना. गाठोडं नेलं आणि सापडलं, तर नवी केस, माफी गेली, सुटका गेली. नाही म्हटलं तर वाफेचं यंत्र. कारकुनाला सांगावं तर कारकुनाच्या टेबलावर मामाच्या माणसाने आणलेला चहा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तक्रारीची पेटी होती, पण ती बराकीच्या दारात, मामाच्या ओट्यासमोर.

त्या आठवड्यातच माझी भेट ठरली. दोन बस बदलून मी गेले. काचेच्या पलीकडे दादा, मध्ये फोन. तो इतका उतरला होता, की मला क्षणभर दुसराच माणूस वाटला.

"काम मिळतंय," तो म्हणाला. "लाँड्रीत."

"अगं बाई! मग चेहरा का असा? आईला सांगते, बरं वाटेल तिला."

"सांग." तो अंगठ्याचं नख खरवडत होता. नखाच्या कडेला रक्त आलं होतं. दादाच्या शेजारच्या स्टुलावर एक दांडगा माणूस फोन कानाला लावून बसला होता. त्याच्या समोरच्या काचेपलीकडे कोणीच नव्हतं. मला आधी ते लक्षातच आलं नाही. मग आलं. तो माणूस कोणाशीच बोलत नव्हता. तो ऐकत होता.

मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "आमच्या ह्यांना खोकला झालाय रे, महिना झाला. डॉक्टरांनी वेगळं झोपायला सांगितलंय. घरात कोणी जवळ फिरकत नाही." खरं तर मला काहीतरी घरगुती बोलायचं होतं, त्या माणसाने कंटाळून जावं म्हणून. आमच्या ह्यांना साधा खोकलासुद्धा नव्हता. दादा माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "कोणीच फिरकत नाही?"

"तुला सांगते, वाडगासुद्धा लांबून सरकवतात."

त्याने नख खरवडणं थांबवलं. वेळ संपल्याची घंटा झाली. मी बाहेर आले ती रडतच. लगेच दुसऱ्या दिवशी जुन्या तुरुंगात वर्ग घेणाऱ्या सरांना गाठलं. म्हटलं, दादाच्या कामाचे कागद तेवढे पाठवा. ते म्हणाले, मी पाठवलेत, ऑफिसात विचारा. ऑफिस म्हणालं, तिकडे विचारा. तिकडे फोन केला तर म्हणाले, पाठवणाऱ्यांना विचारा. चेंडूसारखी मी इकडून तिकडे.

बुधवारी सगळे रांगेत उभे. मोठे साहेब आले, मागे जेलर, कारकून, दोन शिपाई. दादाकडे पाहून शेजारचा कुजबुजला, "टेक हवं तर माझ्यावर." साहेब त्याच्यासमोर थांबले. कारकुनाने आधीच सांगितलं, "साहेब, हा नवीन. लाँड्रीला जायला तयार आहे."

"जाशील ना?" साहेबांनी विचारलं.

दादाच्या पाठीवर मामाची नजर चटका बसावा तशी जाणवत होती. तो म्हणाला, "साहेब, मला खोकल्याच्या वॉर्डात द्या."

तुरुंगाच्या दवाखान्याला लागून क्षयाच्या रुग्णांचा वेगळा वॉर्ड होता. त्याला सगळे खोकल्याचा वॉर्ड म्हणत. तिथे कामाला शिक्षा म्हणूनच माणूस धाडत, आणि तोही आठवड्याभरात हातापाया पडून परत येई.

"लाँड्री का नको?" साहेबांनी विचारलं.

खरं सांगता येत नव्हतं आणि खोटं त्याने ठरवून आणलं नव्हतं. "वाफेने मला श्वास लागतो, साहेब."

"आणि क्षयाच्या वॉर्डात श्वास लागणार नाही?"

सगळी रांग हसली. जेलरसुद्धा हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी दादाकडे बराच वेळ पाहिलं, मग रांगेत लांब उभ्या असलेल्या पोपटाकडे पाहिलं, की दादाला तसा भास झाला, देव जाणे. "डॉक्टर केव्हापासून माणूस मागताहेत," ते म्हणाले. "राहायलाही तिकडेच जा. आत्ताच सामान घे."

सामान घ्यायला मात्र बराकीत परत जावं लागलं. शिपाई दारातच थांबला. आत मामा दादाच्या जागेवर बसला होता आणि दादाची चादर घडी घालत होता. अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून. दादा उभाच राहिला. मामाने चादर, टॉवेल, सदरा, सगळं एकावर एक रचलं, वरून हात फिरवला आणि त्याच्या हातात दिलं.

"सांभाळून राहा भाचे," तो म्हणाला. "तिथली माणसं मरतात. मेली नाहीत, तर बरी होऊन इथेच येतात."

दादा सांगतो, त्या घडीच्या ओझ्याने त्याचे हात खाली जात होते. त्यात काही ठेवलं असेल, या भीतीने त्याने वॉर्डाच्या दारातच सगळं झटकून पाहिलं. काही नव्हतं. तरी दोन दिवस तो त्या चादरीवर झोपला नाही.

वॉर्डात एका भीतीची जागा दुसरीने घेतली. तोंडाला जाड मास्क, खिडक्या सताड उघड्या, पलंगाशी झाकणाचे डबे. त्यांत रुग्ण थुंकायचे, ते डबे दादाने रिकामे करायचे, औषधाने धुवायचे. पहिल्या दिवशी त्याला उलटी झाली. स्वतःला शिंक आली तरी धाबं दणाणायचं. रोज तो कंपाउंडरला विचारायचा, "मला झाला असेल का हो?" कंपाउंडर म्हातारा आणि तिरसट होता. तो म्हणाला, "तुला झाला तर मी सांगेन. तोवर मलाच ताप देऊ नकोस." पण त्यानेच हळूहळू शिकवलं. गोळी समोर गिळायला लावायची, तोंड उघडून बघायचं, वजन घ्यायचं, ताप बघायचा, कोणाच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर लगेच सांगायचं.

एक रुग्ण होता बँडवाला. बाहेर असताना मिरवणुकीत क्लॅरिनेट वाजवायचा. आता त्याला पायरी चढली तरी धाप लागे. दादा गोळ्या घेऊन आला की म्हणायचा, "आले, आमचे बँड मास्तर आले. कोणती धून गिळायची आज?" दादा त्या वॉर्डात पहिल्यांदा हसला तो त्याच्यामुळे. बँडवाला वाचला नाही. त्याला अखेरची धाप लागली तेव्हा दादा त्याला मागून आधार देऊन बसला होता. कोणाचा तरी जीव जाताना आपण जवळ होतो, एवढंच तो त्याबद्दल बोलतो.

जुन्या तुरुंगातले कागद शेवटी आले. तोवर परीक्षा होऊन गेली होती. पण डॉक्टरांनी त्याच्यासाठी वेगळाच शब्द टाकला. तुरुंगात रुग्णसेवकाचा एक वर्ग चालायचा, बाहेरच्या परिचारिका शिकवायला यायच्या. जुन्या वर्गाची हजेरी पाहून दादाला त्यात घेतलं. फक्त वर्ग मुख्य इमारतीत भरायचा, आणि तिथे जायची वाट बराकीसमोरून होती. आठवड्यातून दोनदा तो त्या वाटेने भिंतीला धरून, जवळजवळ पळत जायचा. मामा ओट्यावरून नुसता हात हलवायचा. काहीच करायचा नाही. तेच भयंकर होतं.

आणि मग एका दुपारी स्ट्रेचरवरून नवा रुग्ण आला. तोंडावर मास्क, डोळे खोल गेलेले, केस मात्र विंचरलेले. दादाच्या हातातली ताटली खाली पडली. मामा.

कंपाउंडरला तो म्हणाला, "मला दुसरीकडे द्या. कुठेही द्या." कंपाउंडर म्हणाला, "दुसरीकडे लाँड्री आहे. जातोस?"

दादा दुधाचा पेला घेऊन पलंगाशी गेला. थोडं दूध चादरीवर सांडलं. मामाने पेल्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं.

"आधी तू पी," तो म्हणाला.

दादाला क्षणभर कळेना. मग त्याच्या ध्यानात आलं. मामाला वाटत होतं, हा विष घालेल. ज्याच्या नुसत्या नजरेने सगळी बराक गप्प व्हायची, तो माणूस एका दुधाच्या पेल्याला घाबरला होता. दादाने मास्क खाली करून एक घोट घेतला. मागून कंपाउंडर ओरडला, "पेशंटचं दूध पितोस, लाज नाही वाटत?"

पुढे रोज तेच. दूध दादाने आधी प्यायचं. गोळ्या कंपाउंडरने नवीन पाकीट मामाच्या डोळ्यांदेखत फोडून द्यायच्या. तरी मामा एकेक गोळी उजेडाकडे धरून बघायचा. दादाची भीती काही गेली नाही. मामाची माणसं बाहेर होतीच. मामा मेला तर आळ आपल्यावर येईल, आणि जगला तर परत बराकीत जाऊन ओट्यावर बसेल, या दोन्ही विचारांनी त्याला घाम फुटायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "मग एखादी गोळी विसरायची होतीस." "दोन माणसं गेली आहेत माझ्या हातून," तो म्हणाला. "आता एक गोळीसुद्धा चुकवायची नाही मला."

मामा बरा होत गेला. चालायला लागला. आणि ज्या दिवशी तो वॉर्डातून सुटणार होता त्याच्या आदल्या दिवशी त्याची बदलीची ऑर्डर आली. लांबच्या, दुसऱ्या तुरुंगात. मोठ्या साहेबांनी तो आजारी असताना त्याची माणसंही वेगवेगळ्या बराकींत पांगवली होती. मामा पलंगावर बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन. दादा वजन घ्यायला गेला तेव्हा त्याने विचारलं, अगदी हळू आवाजात, "तिकडे गेल्यावर काम कसं मागायचं असतं रे?"

दादा म्हणतो, मला त्याची कीव आली नाही, खोटं कशाला बोलू. पण त्याने सांगितलं. गेल्या गेल्या कारकुनाला भेटायचं, आजाराचे कागद स्वतःजवळ ठेवायचे, दवाखान्यात नाव सांगून गोळ्या मागून घ्यायच्या, मध्ये एक दिवसही सोडायच्या नाहीत. मामाने मान हलवली. "आणि नाही म्हणाले तर?"

"परत विचारायचं," दादा म्हणाला.

मामाच्या बाबतीत पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही.

दादा रुग्णसेवकाची परीक्षा पास झाला. माफीचे दिवस धरून तो ठरल्यापेक्षा आधी सुटला. घरी आला तेव्हा आईने त्याला दारातच इतकं घट्ट धरलं, की आमच्या ह्यांना म्हणावं लागलं, "आत तर येऊ द्या त्याला." पहिले काही महिने तो दाराकडे पाठ करून बसत नसे. बेल वाजली की उभा राहायचा.

नोकरीसाठी मीच त्याला एका दवाखान्यात घेऊन गेले. छातीच्या रोगांचा विभाग. मुख्य परिचारिका बाई समोर बसल्या होत्या. दादाचे हात मांडीवर गच्च आवळलेले. मी मनात घोकत होते, कुठे शिकलात तेवढं विचारू नका. त्यांनी तेच विचारलं.

"तुरुंगात," दादा म्हणाला.

बाईंनी खुर्ची मागे सारली, उठल्या आणि दार उघडलं. मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढणार. त्यांनी बाहेरच्या माणसाला हाक मारली, "अहो, जरा एक मास्क आणा." मग दादाकडे वळून म्हणाल्या, "चला, वॉर्ड दाखवते. तुम्ही रुग्णाला कसं बसवता ते मला बघू द्या."

मी बाकावर बसून राहिले. आतून खोकण्याचा आवाज येत होता, आणि मध्येच दादाचा, कोणाला तरी सांगणारा, "घाई नाही काका, सावकाश. मी धरलंय."